एका कानाचा हेडसेट

राजापेठ, अमरावती
१२ जुलै २०२४

अक्का,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. बरी नसती तर त्यात माझा काय दोष आहे ते तुम्ही एव्हाना कळवलं असतं.

आपलं बोलणं बंद, लिहिणं चालू आणि लिहायचं तेही कामापुरतं, असं तुम्हीच ठरवलं होतं. फॅमिली पेन्शनच्या फॉर्मच्या वेळी तसंच लिहिलं. आताही कामच आहे. मला घरच्या फोनला लावायचा हेडसेट घ्यायचा आहे. आपल्या घरात एकतीस वर्षं हेडसेट घालून बसलेलं माणूस एकच आहे. दुसरं कुणी असतं तर मी त्यालाच विचारलं असतं.

कशाला पाहिजे ते सांगते. आमच्या शेजारच्या केशरबाई लेकीकडे चिखलदऱ्याला राहायला गेल्या. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच दिसतं. आम्ही दोघींनी मिळून वाचनालयाचं एक कपाट संपवलं होतं. दुसऱ्याला हात घातला आणि त्यांचे डोळे गेले. म्हणून मी रोज दुपारी तीन ते चार त्यांना फोनवरून वाचून दाखवते. ढग उतरले की तिथं मोबाइल मरतो, लेकीच्या घरचा तारेचा फोन तेवढा जिवंत राहतो. सध्या एक जाड कादंबरी चालू आहे. दीडशे पानं झाली तरी नायिका घरातून निघालेली नाही.

अडचण अशी की एका हातात पुस्तक, एका हातात रिसीव्हर, आणि पान उलटायला तिसरा हात नाही. इतके दिवस रिसीव्हर मान आणि खांद्यात दाबून धरला. आता उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "आजी, कोणाशी बोलता एवढं फोनवर?" मी म्हटलं, "बोलत नाही, वाचते." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि झोपेची गोळी दिली.

अनुप पुण्याहून म्हणतो, "आई, तो फोन काढून टाक, मोबाइल घे." मी म्हटलं, ही तार तुझ्या बाबांनी स्वतः खांबावर चढून ओढलेली आहे. ते खात्यात लाइनमन नसते तर मला वाचताही आलं नसतं. शाळा दुसरीत सुटली. त्यांनी घरी आणलेल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर मी अक्षरं गिरवली. अमरावतीची डिरेक्टरी. नुसते देशमुख संपेपर्यंत अनुप चालायला लागला होता.

तर हेडसेट कोणता घ्यावा ते कळवा.

नेहमीचं एक वाक्य राहिलं. त्या रविवारी हे गेले तेव्हा मी सव्वानऊपासून बारापर्यंत तुम्हाला फोन लावत होते. एंगेज होता. हे मी याआधी सात पत्रांत लिहिलं आहे, हे आठवं.

जमुना


जठारपेठ, अकोला
२० जुलै २०२४

जमुना,

आशीर्वाद. तब्येत बरी आहे. गुडघ्याला तुझा दोष नाही.

डॉक्टरनं झोपेची गोळी दिली हे वाचून बरं वाटलं. केशरबाईला दिली असती तर आणखी बरं झालं असतं. दीडशे पानं ऐकून घेणारी बाई जागी आहे याची खात्री करत जा. आम्ही एक्स्चेंजमध्ये दर तीन मिनिटांनी मध्ये येऊन विचारायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" तूही विचारत जा.

आता कामाचं.

दुकानदार काय दाखवतो ते बघू नकोस. आधी आपला फोन उलटा करून बघ. रिसीव्हरची पिळाची वायर फोनच्या अंगातून निघत असेल, म्हणजे टोकाला दाबायची बारकी चौकोनी क्लिप असेल, तर हेडसेट बसेल. वायर आतून पक्की असेल तर नवा फोन घ्यावा लागेल, आणि तू घेणार नाहीस हे मला माहीत आहे. मोबाइलची गोल पिन त्या चौकोनी भोकात जात नाही. दुकानदार "जाते" म्हणेल. फोन पिशवीत घालून सोबत ने आणि म्हण, दाखव घालून.

एका कानाचाच घे. दोन्ही कान झाकले की दुधाचं उतू जाणं ऐकू येत नाही आणि दारावरचं माणूसही. कानावरची गादी स्पंजची असावी. रेक्झिनची उन्हाळ्यात चिकटते. आपल्याकडच्या मे महिन्यात ती कानासकट निघते. तोंडापुढची नळी वाकणारी असावी, वाकवलेली तिथंच राहणारी. वजन हातात घेऊन बघू नको, डोक्यावर घालून दहा मिनिटं दुकानात बस. दुकानदार कंटाळला पाहिजे. तारेचाच घे. बिनतारेच्याला रोज चार्ज करावं लागतं. तू देवापुढचा दिवा विसरतेस, त्याला काय लक्षात ठेवशील.

मी हा प्रकार घरी कधी वापरला नाही. एकतीस वर्षं डोक्यावर होता तेवढा पुरे झाला. पण सांगायला विसरले नाही.

आता माझंही नेहमीचं वाक्य. माझा फोन एंगेज नव्हता. एक्स्चेंजला जन्म काढलेल्या बाईचा फोन एंगेज राहत नसतो. तू लावलाच नाहीस. पाठच्या भावाचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही, राख दिसली. तुझी आठ पत्रं झाली असतील तर माझीही आठ झाली.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
३ ऑगस्ट २०२४

अक्का,

नमस्कार. तुमचं पत्र पिशवीत फोनसोबत ठेवून दुकानात गेले. इथल्या शिकवणी वर्गांच्या पोरांना लागतं ते सगळं विकणारं दुकान आहे. मालकाचं नाव शिवम. मी म्हटलं, हेडसेट दाखवा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, कोणता गेम खेळता?"

त्यानं काढलेला पहिला हेडसेट हेल्मेटएवढा होता आणि त्यात लाल-निळे दिवे लागत होते. मी म्हटलं, मी पुस्तक वाचते. तो म्हणाला, मग यात दिवे बंद करता येतात.

दुसरा बिनतारेचा. त्याची फोनशी जोडी जुळवावी लागते म्हणाला. मी पिशवीतून फोन काढून त्याच्या काचेवर ठेवला. म्हटलं, जुळव. दुकानातली चार पोरं गोळा झाली. एकानं नंबर दाबायच्या बटणांवरून बोट फिरवलं, जुनं नाणं बघावं तसं. शिवम म्हणाला, "आजी, याले म्युझियममध्ये द्या, चांगला हाय." मी म्हटलं, "यावर रोज दुपारी माणूस बोलते. तुझ्यावाल्यावर बोलते का कोणी?" तो म्हणाला, "माझ्यावाल्यावर नुसते किस्तवाले बोलतात."

मग गोल पिनेचा आणला. "जाते" म्हणाला. तुम्ही लिहिलं होतं तस्संच. मी म्हटलं, दाखव घालून. त्यानं पाच मिनिटं घालवली. शेवटी म्हणाला, "याचा छेदच खराब हाय." मी फोन पिशवीत घालून घरी आले.

शेवटी तुमचा भाचा गजेंद्र कामाला आला. तो नांदगाव पेठेत ज्या कापड गिरणीत आहे, तिथं पूर्वी फोन घ्यायला एक बाई बसायची. आता मशीनच बोलतं. तिचा हेडसेट कपाटात पडून होता. साहेबांना विचारून घेऊन आला. एका कानाचा, तारेचा, चौकोनी क्लिप. गादीचा स्पंज झिजलेला होता, मी जुन्या मलमलचं कव्हर शिवलं. पिळाची वायर काढली, याची खोचली, बसला. रिसीव्हर आता नुसता वजनाला.

परवा पहिल्यांदा वाचलं. अक्का, मान सरळ. एका हातानं पुस्तक धरलं, दुसऱ्यानं पान उलटलं, मध्ये मेथीची जुडी पण निवडून झाली. केशरबाई म्हणाल्या, "आज तुम्ही जवळून बोलून राहिल्या." नायिका घरातून निघाली. निघाली आणि फाटकाशी थांबली, पण निघाली.

आरशात बघितलं तर यांचा तो फोटो आठवला, तुम्ही बोर्डापुढे बसलेल्या आणि हे मागे पक्कड घेऊन उभे. हे म्हणायचे, आमची अक्का अर्ध्या विदर्भाला बोलती करते. घरात काय करते ते म्हणत नसत.

कसा वापरायचा ते नीट कळवा. चूक व्हायला नको.

मी फोन लावला होता. एंगेज होता. नऊ.

जमुना


जठारपेठ, अकोला
१० ऑगस्ट २०२४

जमुना,

आशीर्वाद. नळी ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर. समोर धरलीस तर तुझा श्वास केशरबाईला वाऱ्यासारखा ऐकू जाईल. आवाज चढवायचा नाही. हेडसेटवर ओरडणारी माणसं मी एकतीस वर्षं ऐकली, ती सगळी खोटं बोलणारी असत. वायर पायात येणार नाही अशी खुर्चीच्या मागून घे. काम झालं की हेडसेट खिळ्याला टांग, टेबलावर टाकू नकोस, नळी मोडते. आठवड्यातून एकदा मलमल धू.

एवढंच. बाकी त्यात काही नाही.

केशरबाईला रोज एक तास. बरं आहे. सख्ख्या माणसांना कामापुरतं पत्र.

माझा फोन एंगेज नव्हता.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
२६ ऑगस्ट २०२४

अक्का,

नमस्कार. हे पत्र जरा लांबेल.

गेल्या मंगळवारी वाचन संपलं. केशरबाईंनी फोन ठेवला. मी हेडसेट काढला, तुम्ही सांगितलं तसा खिळ्याला टांगला आणि उठले. बुधवारी अंगात कणकण होती, वाचलं नाही. केशरबाईंना कळवावं म्हणून हेडसेट घातला तर आवाजच नाही. वाटलं पावसानं लाइन गेली. हे असते तर खांबावर चढले असते. हे नाहीत, म्हणून मी गोळी घेऊन झोपले.

गुरुवारी दुपारी दारात केशरबाईंचे जावई. चिखलदऱ्याहून घाट उतरून आलेले, अंगावर रेनकोट, चेहरा पडलेला. मी दार उघडलं तर एक पाऊल मागे सरले. म्हणाले, "काकू, तुमी हाय?"

मी म्हटलं, "हाय. काहून?"

दोन दिवस माझा फोन एंगेज लागत होता. केशरबाईंनी जेवण सोडलं होतं. एकटी राहणारी बाई, दोन दिवस एंगेज, म्हणजे फोन करता करताच पडली असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. जावयांनी येताना एक हारही आणला होता. तो गाडीच्या हँडलला पिशवीत होता, मला दिसला. चहा घेऊन गेले.

संध्याकाळी गजेंद्र आला. फोनकडे बघून हसायला लागला. रिसीव्हर टेबलावर आडवा पडलेला, मंगळवारपासून. इतके दिवस टेबल आवरताना तो सहज जागेवर जायचा, त्या दिवशी राहिला. म्हणाला, "मामी, हेडसेट काढला म्हणजे फोन बंद होत नाही ना. रिसीव्हर जाग्यावर ठेवा लागते. तो वरून दाबते तवा लाइन सुटते."

मी म्हटलं, "अक्कांनी हे लिहिलंच नाही. नळी, स्पंज, मलमल, खिळा, सगळं लिहिलं."

तो म्हणाला, "मावशीले तर माहीत पाहिजे. तिच्याकडे असाच होता."

मी विचारलं, केव्हा.

"मामा गेले त्या दिवशी. मी मोटरसायकलवर अकोल्याले गेलो ना तिले सांगायले. टेबलावर रिसीव्हर असाच आडवा होता, बाजूले हेडसेट. मले वाटलं फोन बिघडला अशीन."

"मंग इतके दिवस सांगितलं कावून नाही?"

"तुमी विचारलं कावून नाही?"

चुकीचं काही बोलला नाही तो. मी त्याला पोळी-भाजी वाढली. जेवून गेला.

अक्का, तुम्ही वीस जुलैला लिहिलं आहे की हा प्रकार मी घरी कधी वापरला नाही. ते पत्र माझ्यासमोर आहे. दहा ऑगस्टचंही आहे, "बाकी त्यात काही नाही" म्हणणारं.

त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी साडेपाचला आलात. घरातल्या थोरल्यांनी दिवस मावळायच्या आत उरकलं होतं. तुम्ही दारात उभ्या राहून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर म्हणालात, "फोन लावायले बोटं दुखत होते काय तुये?" मी म्हटलं, एंगेज होता. तुम्ही हसलात. त्या दिवशी घरात हसलेलं माणूस तुम्ही एकट्या. तेव्हापासून माझ्या माहेरचीसुद्धा माणसं माझ्याशी बोलताना जरा खाली बघतात. नवऱ्याच्या बहिणीला कळवलं नाही ती बाई. एंगेज लागलेला फोन बिलात येत नाही, म्हणून दाखवायला माझ्याकडे कागद नाही.

एकच विचारते. तुमच्या घरी हेडसेट होता की नव्हता?

मी फोन लावला होता, हे वाक्य या पत्रात मी लिहीत नाही. ते आता तुम्ही लिहायचं.

जमुना


राजापेठ, अमरावती
१५ सप्टेंबर २०२४

अक्का,

वीस दिवस झाले. पोस्टमन रोज येतो, मी त्याला रोज विचारते. आता तोच लांबून हात हलवतो. तुम्ही आजारी असाल तर कळवा. नसाल तर तेही कळवा.

जमुना


जठारपेठ, अकोला
१ ऑक्टोबर २०२४

जमुना,

होता.

हे पत्र पाचव्यांदा लिहिते आहे. आधीच्या चारांत मी तुझीच चूक काढली होती. वाचून बघितलं तर मलाच पटेना.

निवृत्त झाल्यावर मीच तो आणला. मनगट दुखायचं हे एक कारण. दुसरं असं की डोक्यावर काही नसलं की मला उघडं वाटायचं. यांना जाऊन अठरा वर्षं झाली, मूल नाही. फोन आला की हेडसेट चढवायचा, तेवढा वेळ कामावर असल्यासारखं वाटायचं. फोन तरी कोणाचे येत? दर रविवारी साडेसातला माझ्या भावाचा, भगवंतचा. दुसरे चुकून लागलेले. चुकून लागलेल्यांशीही मी नीट बोलायची.

त्या रविवारीही त्याचा आला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तू बाजारात गेली होतीस. दहा-बारा मिनिटं बोलला. मग त्यानं ठेवला. मी हेडसेट काढला आणि मुगाच्या वड्या घालायला गच्चीवर गेले. ऊन चांगलं होतं. वड्या घातल्या, राखत तिथंच बसले, पुन्हा खाली येऊन झोपले.

एक्स्चेंजमध्ये रिसीव्हर नसतो, जमुना. बोलणं संपलं की बोर्डावर दिवा लागतो, आपण जोडलेला दोर ओढायचा, झालं. जागेवर ठेवायची सवय गिऱ्हाइकांना असते. माझ्या हाताला ती कधी लागलीच नाही. घरी मी दर वेळी आठवून ठेवायची. त्या दिवशी आठवलं नाही. त्याचा फोन झाला होता, मी खुशीत होते.

गजेंद्र दारात उभा राहून सांगत होता, तेव्हाच मला तो टेबलावर दिसला. आधी मी तो जागेवर ठेवला. मग रडले. हा क्रम मला अजून आठवतो. आधी जागेवर ठेवला.

मोटरसायकलवर बसवेना म्हणून एसटीनं आले. दोन तास बसमध्ये मी काय म्हणायचं ते ठरवत होते. आणि ठरवलेलं म्हणाले. लाइनमनच्या घरात, ऑपरेटरच्या फोनपायी असं झालं, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. तुझ्यावर टाकणं सोपं होतं. तू बोलत कमी होतीस, आणि तुझी तेव्हा रडून शुद्ध नव्हती.

हेडसेट मी त्याच आठवड्यात कपाटात टाकला. पण तू पत्रात विचारलंस तेव्हा सगळं झरझर आठवलं, स्पंज काय, नळी काय. सांगताना बरं वाटलं. तेवढं एक सोडून सांगितलं. तुझा फोन दोन दिवस एंगेज राहिला आणि त्या बिचाऱ्याला हार घेऊन घाट उतरावा लागला, तोही माझ्यामुळेच.

त्यानं काय सांगितलं ते तुझं आहे, म्हणून लिहिते. म्हणाला, "जमुना भाजीले गेली. तवर चहा करून घेतला, साखर डबल. सांगू नको तिले." मी तेवीस महिने सांगितलं नाही. तेवढा एक शब्द पाळला. मग तुझ्याबद्दल बोलला. म्हणाला, ही आता कुकरच्या शिट्ट्या होईतो स्वयंपाकघरात उभ्यानं वाचते, मोठ्यानं, भात लागला तरी हिला कळत नाही, आणि मी मुद्दाम सांगत नाही, कारण प्रकरण अर्धं राहील.

तू फोन लावला होतास. एंगेज होता.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
६ ऑक्टोबर २०२४

अक्का,

नमस्कार.

साखरेचं मला माहीत होतं. बाजारातून आले तर डब्याचं झाकण उघडं. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हटलं, "मुंग्या येतील." त्यांनी उठून झाकण लावलं, खुर्चीत बसले, पेपर उघडला. मी भाजी निवडायला घेतली. पुन्हा वर बघितलं तेव्हा पेपर खाली होता. तेव्हा माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं "मुंग्या येतील" एवढं आहे. तुमचं दहा-बारा मिनिटांचं आहे. मी दोन वर्षं समजत होते की शेवटचं माझंच, आणि ते असं. आता निदान कळलं की त्या सकाळी ते कोणाशी तरी धड बोलले.

भात लागलेला मला कळायचा. मीही सांगत नव्हते.

तुम्हाला माफ केलं असं लिहीत नाही. ते कामापुरत्या पत्रात बसत नाही. पण एक काम आहे. नोव्हेंबरात यांचं श्राद्ध आहे, सगळे येतील. तुम्ही ते ज्या दारात म्हणालात, त्याच दारात उभ्या राहून हे म्हणा. बसून नाही, उभ्यानं. गुडघ्यासाठी मी स्टूल ठेवीन, पण म्हणून झाल्यावर.

आणि एवढं लिहिलं आहे तर बोलायलाही हरकत नाही. रविवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला फोन होऊ द्या. पूर्वी व्हायचा तसा.

जमुना


राजापेठ, अमरावती
१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

अक्का,

साडेसातला फोन लावला. एंगेज. सात पस्तीसला लावला. एंगेज. आठपर्यंत मी हेडसेट डोक्यावर ठेवून बटणं दाबत बसले. आठनंतर वाटलं की तुम्ही पुन्हा वड्या घालायला गेलात. मग त्या रविवारचं सगळं आठवलं आणि मी हेडसेट काढून ठेवला. रिसीव्हर जागेवर ठेवला, काळजी नको.

तुम्हाला बोलायचं नसेल तर तसं लिहा. दारातलं मात्र म्हणावंच लागेल.

जमुना


जठारपेठ, अकोला
१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

जमुना,

कपाटातून हेडसेट काढला, पुसला, सव्वासातलाच चढवून बसले. चूक माझी, तेव्हा फोन मी करायचा असं धरलं. साडेसातला लावला तर एंगेज. आठपर्यंत एंगेज. वाटलं, जमुना सूड घेते आहे, आणि घ्यायलाच पाहिजे. मग वाटलं, नाही, केशरबाईशी बोलत असेल.

दारात उभी राहून म्हणेन. स्टूल नको.

कौशल्या


जठारपेठ, अकोला
१८ ऑक्टोबर २०२४

जमुना,

आज तुझं पत्र आलं. माझं तुला मिळालं असेल. दोन्ही शेजारी ठेवून बघ.

दोघी हेडसेट घालून, दोघींचे रिसीव्हर टेबलावर आडवे, दोघी अर्धा तास एकमेकींचे नंबर दाबतो आहोत. लागणार कसा? एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, की एकानं लावायचा आणि दुसऱ्यानं गप बसायचं. मी किती जणींना शिकवलं असेल. भगवंत असता तर हसून हसून खांबावरून पडला असता.

हे पत्र वीसपर्यंत पोचेल याचा भरवसा धरत नाही. म्हणून सत्तावीस तारखेचा रविवार, साडेसात. फोन अमरावतीहूनच यायचा, तसाच येऊ दे. तू लाव. मी नंबराला बोट लावणार नाही. रिसीव्हर जागेवर ठेवून समोर बसून राहीन, वड्या सोमवारी घालीन.

फोन लावताना ती कादंबरी घेऊन बस. नायिका फाटकाशी का थांबली ते मला पहिल्यापासून ऐकायचं आहे. केशरबाईला जिथपर्यंत वाचलंस, तिथपर्यंत मला एकटीला वाच.

तीन मिनिटं झाली तरी मध्ये येणार नाही.

कौशल्या